लस दंडावर, गाठ काखेत: पांढऱ्या पेशींना वाट कोण दाखवतं?

काचपट्टी

मागे इथल्या लसीकरणाच्या धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं की लस टोचली दंडावर, मग काखेत का दुखतंय? "अवधाण आलंय, जाईल" असं एका ओळीचं उत्तर मिळालं आणि धागा नेहमीप्रमाणे कात्रज चौकाच्या उड्डाणपुलाकडे वळला. उत्तर बरोबरच होतं. पण त्या ओळीच्या मागे जे चालतं ते मला फार आवडतं. काही वर्षं गणेशखिंडीतल्या एका प्रयोगशाळेत याच पेशींच्या मागे घालवली आहेत, म्हणून हा वेगळा धागा.

आधी अडचण काय आहे ते बघा. टी-पेशी ही पांढऱ्या पेशींमधली एक जात. प्रत्येक टी-पेशीला एकच विशिष्ट तुकडा ओळखता येतो. एखाद्या नव्या जंतूचा तुकडा ओळखणारी पेशी लाखात एखादीच असते, कधी त्याहूनही दुर्मीळ. जंतू शिरला उजव्या पायाच्या अंगठ्यातून आणि ती पेशी त्या वेळी मानेतल्या गाठीत असेल, तर भेट व्हायची कशी? सगळ्या अंगभर शोधत बसलं तर माणूस तोवर संपेल.

शरीराने भेटीची जागा ठरवून टाकली आहे: लसिका गाठ (लिम्फ नोड). अशा काही शे गाठी आपल्या अंगात आहेत. मान, काख, जांघ इथल्या हाताला लागतात, बाकीच्या पोटात-छातीत खोल असतात. त्वचेतली डेंड्रायटिक पेशी जंतूचा किंवा लशीचा नमुना उचलते आणि लसिकावाहिनीतून जवळच्या गाठीत येते. टी-पेशी त्याच गाठीत रक्तातून येते. दोघींचे रस्ते वेगळे, पण दोघींना ओढणारं रसायन एकच: सीसीएल२१ नावाचं केमोकाईन. दोघींच्या अंगावरचा ते ओळखणारा ग्राहकही (रिसेप्टर) एकच, सीसीआर७. डेंड्रायटिक पेशीवर हा ग्राहक एरवी फारसा नसतो. नमुना मिळून ती उत्तेजित झाली की भराभर वर येतो. म्हणजे रसायन तिथे आधीपासून असतंच, पेशीला ते आता जाणवायला लागतं.

माझ्या मते सगळी गंमत या एका गोष्टीत आहे. हाका सतत चालू असतात. कुणाला कधी ऐकू येतं, एवढंच बदलतं.

पहिलाचहा

वाचतेय. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

अर्धविराम

छान सुरुवात. म्हणजे हे वासावर जाण्यासारखंच ना? ईस्ट स्ट्रीटवर बेकरीत श्रूजबेरी भाजत असतील तर आपण पत्ता न विचारता पोचतो, तसं?

काचपट्टी

अर्धविराम, गाठीच्या आतल्या काही भागांपुरतं चालेल. पण गाठीच्या दाराशी ही उपमा मोडते, आणि ती कुठे मोडते तेच महत्त्वाचं आहे. वास हवेत पसरतो आणि वारा सुटला की जातो. टी-पेशी रक्तातून येते, आणि रक्त वाहतं आहे. केमोकाईन रक्तात नुसतं सोडलं तर क्षणात धुऊन जाईल. म्हणून ते सोडलेलं नसतं, भिंतीला चिकटवलेलं असतं. सीसीएल२१ ला धन विद्युतभाराचं एक लांब शेपूट आहे आणि शिरेच्या आतल्या बाजूला हेपरान सल्फेट नावाच्या ऋणभारित साखरेच्या साखळ्या आहेत. त्यांना ते घट्ट बसतं. त्याचं भावंड सीसीएल१९ याच सीसीआर७ वर काम करतं, पण त्याला हे शेपूट नाही, त्यामुळे ते सहज वाहतं.

गाठीत शिरायच्या शिराही वेगळ्या असतात. एरवी रक्तवाहिनीच्या आतलं अस्तर चपट्या पेशींचं असतं. इथल्या लहान नीलांमध्ये त्या पेशी टपोऱ्या, उंच असतात. त्यांना हाय एंडोथेलियल व्हेन्यूल म्हणतात, बोलताना सगळे एचईव्ही. तिथे काय होतं ते क्रमाने सांगते.

टी-पेशीच्या अंगावर एल-सिलेक्टिन नावाचं प्रथिन असतं. एचईव्हीच्या भिंतीवर सल्फेट लागलेल्या विशिष्ट साखरा असतात. दोघांची पकड सैल असते, धरते-सुटते, धरते-सुटते. त्यामुळे पेशीचा वेग पडतो आणि ती भिंतीवरून घरंगळत जाते. घरंगळताना तिच्या सीसीआर७ ला भिंतीवरचं सीसीएल२१ लागतं. मग पेशीच्या आत जीआय नावाच्या प्रथिनातून निरोप जातो आणि बाहेरचं एलएफए-१ हे इंटेग्रिन आपला आकार बदलतं. मिटलेलं असतं, ते उघडून ताठ होतं. हे सेकंदाच्या आत होतं! ताठ झालेलं एलएफए-१ भिंतीवरच्या आयसीएएम-१ ला धरतं आणि पेशी जागीच थांबते. मग जरा सरपटून जागा बघते आणि काही मिनिटांत भिंतीतून आत.

यातलं कुठलंही एक नसेल तर पेशी पुढे निघून जाते. एल-सिलेक्टिन आहे पण केमोकाईन नाही, तर नुसतीच घरंगळेल. सीसीआर७ आहे पण सिलेक्टिन नाही, तर वेग पडणारच नाही आणि भिंतीला काय लावलंय ते कळायला सवड मिळणार नाही. पत्ता असा दोन-तीन खुणा जुळवून ठरतो, त्यामुळे चुकीच्या जागी थांबणं अवघड होतं.

शनिवारकर

हे कुणी आणि कसं शोधलं तेही लिहा की. तुम्ही शास्त्रवाले निकाल सांगता आणि गोष्ट गाळता.

काचपट्टी

लिहिते, मलाही तेच लिहायला आवडतं.

१९५० च्या दशकापर्यंत एक कोडं होतं. छातीतली मोठी लसिकावाहिनी मानेपाशी रक्तात रिकामी होते. तिच्यातून रोज इतक्या लसिकापेशी (लिम्फोसाईट, टी-पेशी त्यांच्यातलीच एक जात) रक्तात येतात की रक्तातला सगळा साठा दिवसात कितीतरी वेळा बदलावा. मग त्या जातात कुठे? बऱ्याच जणांना वाटायचं की त्या लवकर मरतात. ऑक्सफर्डमध्ये जेम्स गोवन्स यांनी उंदरांच्या मोठ्या जातीत, रॅटमध्ये, ही वाहिनी बाहेर काढून लसिका गोळा केली. काही दिवसांत पेशी येणं खूपच कमी झालं. गोळा केलेल्या पेशी परत रक्तात सोडल्या की प्रवाह पुन्हा भरला. किरणोत्सारी खूण लावून बघितलं तर त्याच पेशी पुन्हा लसिकेत येत होत्या. म्हणजे त्या मरत नव्हत्या, फिरत होत्या: रक्त, गाठ, लसिका, पुन्हा रक्त.

मग १९७६ चा स्टॅम्पर आणि वुडरफ यांचा प्रयोग. माझं इथलं नाव बघून कळलंच असेल की तो माझा लाडका आहे. त्यांनी लसिका गाठ गोठवून तिचे पातळ काप काचेवर घेतले. त्यावर जिवंत लसिकापेशींचा थेंब टाकला, थंडीत हळूहळू फिरवला आणि मग धुतला. पेशी नेमक्या कुठे चिकटून राहिल्या? एचईव्हीवर. आजूबाजूच्या उतींवर जवळजवळ नाहीत. गाठ मेलेली, गोठवलेली, कापलेली, तरी भिंतीवरची खूण शाबूत होती. पुढे १९८३ मध्ये स्टॅनफर्डला याच पद्धतीने एक प्रतिपिंड तपासलं. ते पेशींना लावलं की त्या एचईव्हीला चिकटेनात. ते ज्या प्रथिनाला बसत होतं ते म्हणजे आजचं एल-सिलेक्टिन.

केमोकाईनचा पुरावा १९९० च्या दशकात आला. जपानमध्ये सापडलेली उंदरांची एक जात होती, तिच्या गाठींमध्ये टी-पेशी अगदीच कमी. पेशी चांगल्या होत्या, गाठीत सीसीएल२१ आणि सीसीएल१९ च नव्हतं. १९९९ मध्ये बर्लिनच्या गटाने सीसीआर७ नसलेले उंदीर तयार केले आणि तिथेही चित्र जवळपास तेच दिसलं.

शनिवारकर

झकास. आता माझ्याकडून थोडं अवांतर, पण गाठीचंच.

तुम्ही गणेशखिंड म्हणालात म्हणून आठवलं. १८९७ च्या पुण्यात याच गाठींनी केवढं रामायण केलं! गाठीचा ताप म्हणायचे. पिसू बहुधा पायाला चावायची, गाठ जांघेत यायची. रँडच्या प्लेग समितीचे गोरे सोजीर घरात घुसून लोकांच्या काखा-जांघा तपासायचे, बायकांच्यासुद्धा, आणि तो संताप शेवटी २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चाफेकर बंधूंच्या पिस्तुलातून बाहेर पडला. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या, प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना. माझा प्रश्न असा: जंतू गाठीत जातोच का? गाठ तर पहारेकऱ्यांनी भरलेली. चोराने चौकीत का जावं?

काचपट्टी

काय नेमका प्रश्न आहे! प्लेगचा जंतू तिथे पुष्कळदा शरीराच्याच पेशींच्या पोटात बसून जातो. त्वचेतली पेशी त्याला गिळते, पण मारू शकत नाही, आणि सवयीप्रमाणे गाठीकडे निघते. तिथे जंतू वाढतो, गाठ सुजून फुगते. २०१४ मध्ये उंदरांवरचं एक संशोधन आलं, त्यात दिसलं की जंतू भरलेल्या या पेशी एका गाठीतून पुढच्या गाठीतही जातात आणि त्या प्रवासाला एस१पी नावाचा संदेश लागतो. त्या संदेशात अडथळा आणला की जंतूचं गाठीगाठीतून पसरणं कमी झालं. एस१पी विषयी सविस्तर लिहिणारच आहे, ते बाहेर पडण्याचं रसायन आहे.

डॉ_सिंहगडरोड

उत्तम धागा. दवाखान्यातल्या दोन गोष्टी जोडतो.

एक, बाळांना डाव्या दंडावर बीसीजी देतात. त्यानंतर काही आठवड्यांनी डाव्या काखेत छोटी गाठ लागली तर आई-बाबा घाबरून येतात. बहुतेक वेळा ती आपोआप जिरते. मोठी होत गेली, मऊ पडली, पू झाला तर दाखवा. तसंच करोनाच्या लसीनंतर मोठ्या माणसांच्या काखेतल्या गाठी मॅमोग्राफीत दिसल्या आणि उगाच धास्ती बसली. तपासणीला जाताना कुठल्या हातावर कधी लस घेतली ते सांगा, इतकंच. पण प्रत्येक गाठ म्हणजे अवधाण नव्हे. मानेतली गंडमाळ आपल्याकडे अजून भरपूर दिसते. दोन-तीन आठवड्यांत न उतरणारी, कडक, न दुखणारी, वाढणारी गाठ, किंवा सोबत ताप आणि वजन घटणं असेल तर या धाग्यावर विचारत बसू नका.

दोन, डांग्या खोकला. निवासी डॉक्टर असताना बालरोग विभागात तान्ह्या बाळांच्या रिपोर्टात पांढऱ्या पेशी ५०,००० च्या वर बघितल्या आहेत, आणि त्यात लसिकापेशींचा भरणा. जंतुसंसर्गात पेशी वाढतात हे ठीक, पण इतक्या? काचपट्टीताई, याचं उत्तर तुमच्याच विषयात आहे ना?

काचपट्टी

डॉक्टर, तुम्हाला उत्तर ठाऊक आहे आणि तरी मला विचारताय. :) धन्यवाद.

वर मी लिहिलं की सीसीआर७ चा निरोप पेशीच्या आत जीआय प्रथिनातून जातो. डांग्या खोकल्याचा जंतू, बोर्डेटेला पर्टुसिस, जे विष सोडतो ते नेमकं या जीआयला निकामी करतं. पेशी जिवंत असते, अंगावर सीसीआर७ असतो, भिंतीवर सीसीएल२१ असतं. पेशी घरंगळतेसुद्धा. पण निरोप आत पोचत नाही, एलएफए-१ उघडत नाही, पेशी थांबत नाही. गाठींमध्ये शिरायची ती रक्तातच फिरत राहते. म्हणजे आकडा वाढलेला दिसतो त्याचं मोठं कारण पेशींना गाठीत जाता येत नाही हे आहे. इतकी दाटी झाली की तान्ह्या बाळाच्या फुप्फुसातल्या बारीक वाहिन्या तुंबू शकतात, ते गंभीर प्रकरण असतं.

प्रयोगशाळेत हेच विष आमचं रोजचं हत्यार होतं. एखादी पेशी केमोकाईनच्या निरोपावर चालली आहे का हे तपासायचं तर तिला पर्टुसिसचं विष द्यायचं. थांबली तर समजायचं, निरोप जीआयमधून जात होता.

कोथरूडची_मावशी

मग काढा, गुळवेल वगैरे घेऊन पांढऱ्या पेशी वाढतात म्हणतात ते चांगलं का वाईट? आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकीने रिपोर्ट टाकलाय, काढ्याने ७,००० च्या ९,००० झाल्या म्हणून.

काचपट्टी

मावशी, ७,००० आणि ९,००० दोन्ही नॉर्मल. त्याच बाईंचं रक्त सकाळी आणि संध्याकाळी तपासलं तरी एवढा फरक पडू शकतो. आपल्या एकूण लसिकापेशींपैकी साधारण २ टक्केच एका वेळी रक्तात असतात. बाकीच्या गाठींत, पाणथरीत (प्लीहेत), आतड्याच्या अस्तरात, हाडाच्या मगजात. रिपोर्टातला आकडा त्या क्षणी वाटेत असलेल्यांचा. त्यावरून "इम्युनिटी वाढली" म्हणणं मला पटत नाही, काढा कुणाचाही असो.

डॉ_सिंहगडरोड

+१. उलट उदाहरण देतो. एलएडी नावाचा दुर्मीळ जन्मजात आजार आहे. त्यात एलएफए-१ आणि त्याच्या भावंडांचा सामाईक भाग, सीडी१८, सदोष असतो. बाळाची नाळ तीन-तीन आठवडे पडत नाही, जखमांमध्ये पू होत नाही, आणि रक्तात न्यूट्रोफिल (जखमेकडे धावणाऱ्या पांढऱ्या पेशी) भरमसाट. आकडा भरपूर, पण पेशी भिंतीला धरू शकत नाहीत म्हणून जखमेपर्यंत एकही धड पोचत नाही.

रानजाई

मी एरवी फक्त वाचते. माझ्या धाकट्या बहिणीला मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) आहे, फिंगोलिमॉड हे औषध चालू आहे. तिच्या प्रत्येक रिपोर्टात लिम्फोसाईट खूप कमी येतात आणि लॅबवाले लाल शाईत गोल करतात. न्यूरोलॉजिस्ट म्हणाले अपेक्षित आहे, घाबरू नका. वरचं वाचून वाटलं, याचाही याच्याशी संबंध आहे का?

काचपट्टी

रानजाई, थेट संबंध आहे, आणि एस१पी विषयी लिहायचं राहिलंच होतं.

गाठीत शिरलेली टी-पेशी साधारण अर्धा ते एक दिवस आत भटकते, नमुने तपासते, काही जुळलं नाही तर लसिकेतून बाहेर पडते. बाहेर ओढणारं रसायन म्हणजे एस१पी, एक छोटा स्निग्ध रेणू. रक्तात आणि लसिकेत तो भरपूर असतो, गाठीच्या आतल्या उतीत फार कमी, कारण तिथे त्याला तोडणारं विकर सतत काम करतं. पेशीवरचा ग्राहक एस१पीआर१. रक्तात असताना भरपूर एस१पी मुळे तो ग्राहक पेशीच्या आत ओढला जातो, म्हणून गाठीत शिरल्या शिरल्या पेशीला बाहेरची ओढ वाटत नाही. आत काही तास गेले की तो पुन्हा वर येतो आणि मग बाहेरचं एस१पी जाणवायला लागतं. याच ग्राहकावाचून पेशी बाहेर पडू शकत नाही हे २००४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला जेसन सिस्टर यांच्या गटाने दाखवलं.

फिंगोलिमॉड शरीरात गेल्यावर त्याला फॉस्फेट लागतं, ते एस१पी सारखं दिसतं आणि एस१पीआर१ ला बसून त्याला पेशीच्या आत ओढून ठेवतं. पेशी गाठीत अडकून राहतात. रक्तातला आकडा पूर्वीच्या पाव-तिसऱ्या हिश्शावर येतो, पण त्या पेशी मेलेल्या नसतात. मेंदूकडे जाऊन नुकसान करणाऱ्या पेशी वाटेवर येत नाहीत, हा हेतू. आणखी एक बारकावा: अनुभवी टी-पेशींमधल्या काहींवर सीसीआर७ नसतो. त्या गाठींमध्ये शिरतच नाहीत, त्यामुळे अडकतही नाहीत. त्या बाहेर पहाऱ्यावर राहतात, म्हणून संरक्षण अगदीच उघडं पडत नाही.

हे औषध किड्यांवर वाढणाऱ्या एका बुरशीतल्या पदार्थावरून जपानमध्ये घडवलं. अमेरिकेत एमएससाठी मान्यता २०१० ची.

डॉ_सिंहगडरोड

रानजाई, दोन सूचना. लाल गोल बघून कुणाच्या सांगण्यावरून गोळी मध्येच बंद करू नका, अचानक थांबवल्यावर आजार जोरात उलटल्याची उदाहरणं आहेत. आणि जिवंत जंतूंची कुठलीही लस न्यूरोलॉजिस्टना विचारल्याशिवाय नको. पहिल्या डोसला सहा तास बसवून ठेवलं असेल ना? एस१पी चे ग्राहक हृदयातही आहेत, ठोके मंदावतात, म्हणून.

रानजाई

हो डॉक्टर, बसवलं होतं, आणि कारण कुणी सांगितलं नव्हतं. आज कळलं. दोघांचे आभार. बहिणीला धागा पाठवला आहे.

निळीशाई

मी पाषाणला शिकतो, बीएसएमएसचं तिसरं वर्ष. एक शंका. गाठीच्या आत टी-पेशी सीसीएल२१ च्या चढत्या सांद्रतेकडे सरळ चालत जातात असं वाचताना वाटतं. पण टू-फोटॉन सूक्ष्मदर्शीच्या चित्रफितींमध्ये त्या कशाही, वेड्यावाकड्या फिरताना दिसतात. मग दिशा कुठे आहे?

काचपट्टी

चांगलं निरीक्षण. २००२ मध्ये जिवंत गाठींची अशी चित्रं पहिल्यांदा आली तेव्हा बरेच जण चक्रावले होते. टी-पेशी मिनिटाला सुमारे १० मायक्रॉन वेगाने धावतात, पण दिशा यादृच्छिक. गाठीतल्या टी-पेशींच्या भागात (टी-भागात) सीसीएल२१ सगळीकडेच आहे, त्यामुळे ते दिशेपेक्षा चालत राहण्याची चालना जास्त देतं. पेशी जाळीदार तंतुपेशींच्या फांद्यांवरून फिरतात, आणि ही जाळीच सीसीएल१९ आणि सीसीएल२१ बनवते. लाखातली एक जुळणी शोधायची तर भरपूर भटकणं हीच चांगली रीत, नाही का?

दिशा डेंड्रायटिक पेशीच्या वाटेवर दिसते. त्वचेत लसिकावाहिनीभोवती सीसीएल२१ ची खरी चढण असते, उतीला चिकटलेली, आणि २०१३ मध्ये ती मोजून दाखवली गेली. गाठीच्या कडेलाही चढण आहे. तिथे आवरणालगतच्या, म्हणजे छताच्या, पेशींवर एसीकेआर४ नावाचा एक ग्राहक असतो. तो निरोप देत नाही, केमोकाईन नुसतं गिळतो. वरच्या बाजूचं असं सतत संपवलं गेल्यामुळे आतल्या बाजूला जास्त उरतं आणि पेशीला आत जायची दिशा मिळते. चढण बनवायला रसायन सोडावं लागतं तितकंच ते पुसावंही लागतं.

प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी-पेशींचं वेगळं. त्यांचा ग्राहक सीसीआर५ नव्हे हं, सीएक्ससीआर५, आणि रसायन सीएक्ससीएल१३. ते त्यांना गाठीतल्या स्वतंत्र कप्प्यात नेतं. नमुना सापडला की बी-पेशीवर सीसीआर७ वाढतो आणि ती टी-भागाच्या सीमेकडे सरकते. मदत करणाऱ्या टी-पेशीवर सीएक्ससीआर५ येतो, ती उलटीकडून सीमेवर येते. तिथे दोघींची भेट होते आणि प्रतिपिंडांचं काम सुरू होतं.

अर्धविराम

आणि मूळ प्रश्न? काख का सुजली?

काचपट्टी

तीन गोष्टी एकदम होतात. लशीचा नमुना पोचला की गाठीकडचा रक्तप्रवाह वाढतो, जास्त पेशी आत येतात. उत्तेजित पेशींवर सीडी६९ नावाचं प्रथिन येतं, ते एस१पीआर१ ला धरून आत ओढतं, त्यामुळे बाहेर पडणं काही काळ थांबतं. आणि ज्यांची जुळणी झाली त्या आत राहून दोनाच्या चार, चाराच्या आठ होत जातात. गाठीचं आवरण ताणलं जातं, ते दुखतं. काही दिवसांनी सीडी६९ उतरतं, एस१पीआर१ परत येतो, वाढलेल्या पेशी बाहेर पडतात आणि सूज उतरते.

निळीशाई

शेवटचं. सीसीआर७ नसलेले उंदीर मग जगतात कसे? गाठी रिकाम्या असतील तर पहिल्याच संसर्गात मरायला हवेत.

काचपट्टी

पाणथरीमुळे. पाणथरीत एचईव्ही नसतात, रक्त तिथे मोकळ्या पोकळ्यांमध्ये ओतलं जातं, त्यामुळे आत यायला एल-सिलेक्टिनचं घरंगळणं लागत नाही. सीसीआर७ शिवाय पेशींना तिथे आपली नेमकी जागा धरता येत नाही, टी-पेशी भलतीकडेच रेंगाळतात, तरी जंतूशी गाठभेट होते. प्रतिसाद उशिरा येतो, काही बाबतींत कमजोर असतो, पण येतो. पाणथरीच्या आतल्या वाटांबद्दल अजून बरंच सांगता येईल, ते तुझ्या परीक्षा संपल्यावर.